तीन गोळ्या, एकच खातं

२००६ साली मराठवाड्यात चिकुनगुनियाची साथ आली, तेव्हा मी बँकेच्या नांदेडच्या शाखेत होतो. लातूरला माझे थोरले बंधू अंथरुणाला खिळल्याचं कळलं. रजा टाकून सकाळची एस.टी. धरली. जाताना तापाच्या गोळ्यांचं पाकीट मीच घेतलं. दादांच्या उशाशी आणखी दोन पाकिटं होती.

‘तापाला एक, अंगदुखीला एक, सर्दीला एक,’ दादा म्हणाले. ‘तीन दुखणी, तीन गोळ्या!’

हिशेब मलाही चोख वाटला.

मी तिथे असतानाच, चौथ्या दिवशी दादांना ओकाऱ्या सुरू झाल्या, डोळे पिवळे दिसू लागले. डॉक्टरांनी तिन्ही पाकिटं उलटी करून माझ्यापुढे धरली. नावं तीन, आतलं मुख्य औषध एकच: पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाची मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम. दादांच्या पोटात ६ ग्रॅम जात होतं, तेही जवळजवळ उपाशीपोटी.

मूळ औषध तसं गरीब. यकृत त्याचा बहुतेक भाग निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. थोडासा भाग मात्र यकृतातच एका झोंबऱ्या पदार्थात बदलतो. त्याचं नाव ‘नॅपकी’. त्याला आवरायला यकृताजवळ ग्लुटाथायोनची शिल्लक असते. नेहमीच्या मात्रेला ती पुरते. मात्रा वाढली की ती आटते. पोटात अन्न नसेल तर आधीच कमी असते. मग नॅपकी पेशीतल्या प्रथिनांनाच जाऊन चिकटतो. ती निकामी झाली की पेशी मरू लागतात. वाईट हे की, पहिल्या दिवशी फारसं काही जाणवतच नाही.

१९७३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं. उताराही त्याच वाटेनं मिळाला: ॲसिटिलसिस्टीन. आटलेली शिल्लक ते पुन्हा भरून काढतं. दादांना ते वेळेवर मिळालं. तीन आठवड्यांनी ते घरी आले.

एकाच कर्जदारानं तीन नावांनी उघडलेली खाती मी बँकेत लगेच ओळखत असे. घरी मात्र भावाच्या उशाशी तिसरं खातं मीच उघडून दिलं होतं.

ताप आला तर गोळी मीही घेतो. पण औषधाच्या दुकानात पाकीट उलटं करतो, चष्मा लावतो आणि मोठं नाव सोडून खालची बारीक अक्षरं वाचतो. दुकानदार हसतो. हसू दे.