साथ, सरकार आणि नागरिकांचे हक्क

साथीच्या काळात सरकारला एरवी नसलेले अधिकार लागतात. रुग्णाला वेगळे ठेवणे, गर्दीवर बंदी घालणे, प्रवाशांची तपासणी करणे ही कामे केवळ विनंतीने होत नाहीत. पण या अधिकारांची मर्यादा कोणती? पुण्याने या प्रश्नाचे चटके सव्वाशे वर्षांपूर्वी सोसले आहेत.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा लागू झाला. कायदा जेमतेम चार कलमांचा. सरकारला योग्य वाटतील ते नियम करण्याची मुभा त्यात होती, नियम मोडणाऱ्याला शिक्षा होती आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण होते. नागरिकाने दाद कुठे मागायची, याबद्दल मात्र एक शब्दही नव्हता.

पुण्यात प्लेग कमिटीचे प्रमुख रँड यांनी झडतीसाठी गोरे सैनिक घरोघरी पाठवले. ते देवघरात आणि स्वयंपाकघरात शिरत, सामान बाहेर काढून जाळत, रुग्णाला इस्पितळात आणि नातेवाइकांना छावणीत हलवत. याचा संताप २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंच्या गोळ्यांतून बाहेर पडला.

यात विज्ञानाचाही धडा आहे. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये सापडला होता. पण तो उंदरांवरील पिसवांमधून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले. म्हणजे सक्ती आधी आली, रोगाच्या प्रसाराचे ज्ञान नंतर. शिवाय धास्तावलेले लोक रुग्ण लपवू लागले. रुग्ण लपला, की साथ रोखणे आणखी अवघड होते.

१९८४ मध्ये इटलीतील सिराक्यूझा येथे तज्ज्ञांनी यासाठी कसोट्या ठरवल्या. निर्बंधाला कायद्याचा आधार हवा, तो खरोखर गरजेचा हवा, कमीत कमी जाचक हवा, भेदभाव करणारा नसावा आणि त्याविरुद्ध दाद मागता यायला हवी.

कोविडकाळात तोच १८९७ चा कायदा पुन्हा वापरला गेला. या वेळी मात्र राज्यघटना होती. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकते. ते वाजवी आहेत की नाहीत, हे न्यायालय तपासू शकते. १८९७ च्या पुणेकरांना नेमका हाच आधार नव्हता.