मीराबेनची झोपडी, नंतर बापूकुटी

आमच्या ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्ये कारखान्यांच्या जागी आयटी ऑफिसं आली. वास्तूचा असा बदललेला वापर दिसला की मला सेवाग्रामची बापूकुटी आठवते. ही मुळात गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांची झोपडी! इथे त्या गावातल्या मुलांना पिंजण-कताई शिकवत. गांधीजी १९३६ मध्ये शेगावात आले ते आश्रमातल्या पहिल्या घरात, आदी निवासात. तिथे गर्दी वाढली, म्हणून ते या झोपडीत राहायला आले. मग तिला पडवी, न्हाणीघर आणि आजाऱ्यांसाठी खोलीही जोडली गेली. शेगावचं नावही १९४० मध्ये सेवाग्राम झालं. आज ती जतन केलेली वास्तू आहे. भिंतीवरची मीराबेनची मातीची उठावचित्रं मात्र चुकवू नका, फार देखणी आहेत!