मुलांचा घसा : थांबावे कधी, धावावे कधी?

ऋतू पालटू लागला, पहाटे गारवा आणि दुपारी कडक ऊन असे सुरू झाले, की दवाखान्याच्या बाकावर घसा धरून बसलेल्या मुलांची रांग लागते. सोबतच्या आईचे किंवा आजीचे निदान घरूनच झालेले असते. ‘बर्फाचा गोळा खाल्ला’, ‘चिंचा खाल्ल्या’, ‘शाळेबाहेरच्या बोरांनी घसा धरला.’ मागणीही ठरलेली असते : ‘डॉक्टर, जरा जोरदार अँटिबायोटिक द्या, परवा चाचणी परीक्षा आहे.’ याच्या अगदी उलट वागणारी घरेही आहेत. तिथे घसा दुखणे हे दुखणेच मानत नाहीत. चार दिवस हळद-दूध द्यायचे, पडजीभ उचलणाऱ्या बाईकडे नेऊन आणायचे आणि ताप गेला की विसरून जायचे. या दोन्ही घरांतील मुलांचे नुकसान होऊ शकते, मात्र ते वेगवेगळ्या तऱ्हेने.

आधी बिचाऱ्या चिंचेची सुटका करू. आंबट-थंड खाल्ल्याने घसा थोडा चुरचुरेल, पण ताप आणणारी घसादुखी होते ती जंतूंमुळे, आणि हे जंतू बहुधा शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या खोकल्या-शिंकांतून येतात. त्यातही बहुतेक वेळा ते विषाणू असतात, म्हणजे सर्दी-पडसे आणणारे. विषाणूंवर कोणतेही अँटिबायोटिक चालत नाही, मग ते पाच रुपयांचे असो वा पन्नास रुपयांचे. शाळकरी वयात घसा दुखणाऱ्या दहा मुलांमागे साधारण दोन-तीन मुलांतच ‘स्ट्रेप्टोकोकस’ नावाचा जिवाणू सापडतो. त्या दोघा-तिघांना मात्र औषध लागते, आणि पुरेसे लागते. तीन वर्षांखालील मुलांत हा जिवाणू त्याहूनही कमी आढळतो. तेव्हा दीड-दोन वर्षांच्या बाळाला नाक वाहते, घसा लाल आहे, एवढ्यावरून अँटिबायोटिकचा आग्रह धरू नये.

मग ओळखायचे कसे? नुसत्या डोळ्यांनी शंभर टक्के ओळखणे डॉक्टरांनाही जमत नाही, पण अंदाज चांगला बांधता येतो. घसा दुखतो, सोबत नाक वाहते, खोकला आहे, आवाज बसला आहे, डोळे लाल झाले आहेत किंवा तोंडात फोड आले आहेत, तर ते विषाणूचे काम समजावे. दुखणे अचानक सुरू झाले, ताप १०१ अंशांच्या वर गेला, सर्दी-खोकला अजिबात नाही, जबड्याखालच्या गाठी सुजून हात लावू देत नाहीत आणि बॅटरीच्या उजेडात टॉन्सिल्स लालबुंद व त्यांवर पांढरे-पिवळे ठिपके दिसतात, तर संशय स्ट्रेप्टोकोकसचा. अंगावर खरखरीत, सँडपेपरसारखे लागणारे लाल पुरळ आले तर संशय आणखी बळावतो. वय पाच ते पंधराच्या दरम्यान असेल तर अशा मुलाला एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

लहान मुलांची एक अडचण असते. तीन-चार वर्षांचे मूल ‘घसा दुखतो’ असे सांगतच नाही. विचारले तर पोटावर हात ठेवते. खरोखरच घशाच्या या जंतुसंसर्गात मुलांचे पोट दुखते, उलट्याही होतात, आणि आई जंताचे औषध शोधत बसते. नेहमी आवडीने पोळी खाणारे मूल पहिल्या घासालाच रडले, घोट गिळताना मान वाकडी करू लागले, तर तोंड उघडून घसा बघावा. चमच्याच्या दांड्याने जीभ हलकेच दाबली की पुरते.

पण एका प्रसंगी मुळीच चमचा घालू नये. मुलाला श्वास घेताना घरघर किंवा शिटीसारखा आवाज येतो, छातीच्या फासळ्या आत ओढल्या जातात, थुंकी गिळता न आल्याने लाळ गळते, ते पुढे झुकून बसते आणि आडवे व्हायला तयार नसते, अशा वेळी घसा चाचपण्याच्या नादाला लागू नये. मुलाला त्याला सोयीच्या स्थितीत मांडीवर घेऊन, न रडवता, थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. सकाळची वाट पाहू नये. तोंड पुरते उघडता न येणे, मान ताठ होणे, सहा-आठ तास लघवी न होणे, मूल सुस्त पडणे यांनाही तोच नियम. तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश किंवा त्याहून जास्त ताप आला, तर घसा बघत न बसता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

घटसर्प हा शब्द जुन्या लोकांना माहीत आहे, नव्या आयांना तो पोथीतला वाटतो. तो रोग गेलेला नाही. त्यात ताप फारसा नसतो, पण मूल मलूल दिसते, घशात राखाडी-पांढरा पडदा धरतो, तो खरवडला तर रक्त येते आणि मान बैलासारखी सुजते. याचे विष हृदयावर आणि मज्जातंतूंवर जाते. उपचाराला नुसते अँटिबायोटिक पुरत नाही, प्रतिविष द्यावे लागते, आणि तासातासाला महत्त्व असते. म्हणून घसा दुखणाऱ्या मुलाला दवाखान्यात आणताना लसीकरणाचे कार्ड सोबत आणावे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची पेंटाव्हॅलंट, दीड ते दोन वर्षांच्या दरम्यानचा त्रिगुणीचा बूस्टर, पाच-सहा वर्षांचा दुसरा, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीची टीडी. पहिले तीन डोस बहुतेक सगळे घेतात. बूस्टर मात्र ‘आता मोठा झाला’ म्हणून राहून जातात. पडजीभ उचलण्याच्या नावाखाली मीठ-हळद लावलेले बोट घशात घालून दाबण्याचा प्रकार तर बंदच व्हायला हवा. त्याने सुजलेला घसा आणखी सुजतो आणि नसलेले जंतू आत जातात.

साध्या घसादुखीला घरी काय करावे, याला फार विद्वत्ता लागत नाही. कोमट वरण, पेज, मऊ भात, भरपूर पाणी. गुळण्या करता येण्याच्या वयाचे मूल असेल तर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. मध चाटवायला हरकत नाही, पण एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये. ताप व दुखणे यांना पॅरासिटामॉल पुरेसे आहे. त्याचे प्रमाण वजनावर ठरते, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या मुलाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान सहा तासांचे अंतर. बाजारात सिरपच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. कुणाच्या पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम, तर कुणाच्या २५०. शेजारणीने सांगितलेला ‘एक चमचा’ म्हणूनच धोक्याचा. लेबल वाचावे आणि बाटलीसोबतच्या मापानेच द्यावे. मुलांना अॅस्पिरिन देऊ नये. नायमेसुलाइडवर १२ वर्षांखालील मुलांसाठी आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. घरात मोठ्यांसाठी आणलेली अंगदुखीची गोळी अर्धी करून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

विषाणूची घसादुखी तीन-चार दिवसांत उतरणीला लागते, आठवड्यात जाते. उतरणीऐवजी चढण दिसली, तर दाखवावे.

आता त्या दोघा-तिघांकडे वळू. गंमत अशी, की स्ट्रेप्टोकोकसची घसादुखीही बहुधा औषधाशिवाय चार-पाच दिवसांत थांबते. मग औषधाचा एवढा आग्रह का? कारण मूल बरे झाले, खेळू लागले, शाळेत जाऊ लागले, की त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना पुन्हा ताप येतो आणि सांधे धरतात. आज गुडघा, परवा घोटा, मग कोपर. घशाच्या जंतूशी लढताना तयार झालेली शरीराची शस्त्रे स्वतःच्याच अंगावर उलटतात. याला ‘ऱ्हुमॅटिक फीव्हर’ म्हणतात. मराठीत संधिवाताचा ताप म्हणतात, पण ते नाव फसवे आहे. सांधे पूर्ववत होतात, त्यांना कायमची इजा होत नाही. इजा होते ती हृदयाच्या झडपांना. घरात मात्र ‘वाढीचे दुखणे’ म्हणून तेल चोळले जाते. काही मुलांत काही महिन्यांनी हातपाय आपोआप उडू लागतात, अक्षर बिघडते, हातातला पेला पडतो, आणि शिक्षक वेंधळेपणाबद्दल रागावतात. तोही याच आजाराचा भाग असतो.

झडप हळूहळू जाड आणि अरुंद होत जाते. वर्षे जातात, कुणाला पत्ता नसतो. आपल्याकडे अनेक मुलींच्या बाबतीत हा आजार उघडकीला येतो तो पहिल्या गरोदरपणात, जिना चढताना किंवा रात्री आडवे पडल्यावर दम लागू लागतो तेव्हा. त्या वेळी आठ-दहा वर्षांपूर्वीच्या घसादुखीची आठवण माहेरीही कुणाला नसते. मग फुग्याने झडप उघडणे किंवा नवी झडप बसवणे, असा मोठ्या शहराचा आणि मोठ्या खर्चाचा मार्ग उरतो.

हे टाळता येते, ही गोष्ट १९५०च्या सुमारास अमेरिकेतील वायोमिंग राज्यातल्या हवाई दलाच्या एका तळावर सिद्ध झाली. घसा दुखणाऱ्या जवानांना पेनिसिलीन दिले, तेव्हा त्यांच्यातील ऱ्हुमॅटिक फीव्हर जवळजवळ थांबला. दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले तरी हे संरक्षण मिळते. तेव्हा श्वासाची तक्रार नसेल तर मध्यरात्री डॉक्टरांना उठवण्याचे कारण नाही. एक-दोन दिवस वाट पाहायला, शक्य असेल तर घशातील स्राव तपासायला वेळ आहे.

औषध मात्र दहा दिवस. पेनिसिलीन किंवा अॅमॉक्सिसिलीन ही जुनी, स्वस्त औषधेच येथे उत्तम काम करतात. तिसऱ्या दिवशी मूल उड्या मारू लागते आणि बाटली फ्रिजवर जाते, तिथेच घोटाळा होतो. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले ‘तीन दिवसांचे’ पाकीट हा तसाच घोटाळा. दहा दिवस पाळणे जमणार नसेल तर तसे डॉक्टरांना सरळ सांगावे. लांब टिकणाऱ्या पेनिसिलीनचे एक इंजेक्शन हा पर्याय आहे. पेनिसिलीनची अॅलर्जी कधी आली असल्यास तेही आधी सांगावे. औषध सुरू झाल्यावर पहिले चोवीस तास मुलाला शाळेत पाठवू नये.

‘एएसओ’ नावाची रक्ततपासणी हल्ली उठसूट केली जाते. ती मागे कधीतरी जंतू येऊन गेल्याचे सांगते, आजचा घसा कशाने दुखतो हे नाही. केवळ आकडा वाढला म्हणून मुलाला आजारी ठरवू नये. टॉन्सिल्स काढण्याचा प्रश्नही वर्षाला सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे पाच-पाच वेळा टॉन्सिल्स चांगलेच सुजत असतील तर उपस्थित होतो, दोन सर्दींनंतर नव्हे.

घसा बरा झाल्यावर महिनाभरात मुलाचे सांधे सुजले, धाप लागली, चेहरा सुजला किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मागे घसा दुखला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या या कार्यक्रमात हृदयाच्या या आजाराचीही तपासणी मोफत होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. आणि ज्या मुलाला एकदा ऱ्हुमॅटिक फीव्हर झाला आहे, त्याला डॉक्टरांनी दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन सांगितले असेल, तर ते वर्षानुवर्षे, निदान वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत आणि झडप बिघडली असल्यास त्याही पुढे घ्यावे लागते. लग्नसराई, सुगी, परीक्षा यांत ती तारीख चुकते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पुढच्या वर्षभराच्या तारखांना आजच खूण करून ठेवावी.