परक्याचें जनावर आणि आपलें शेत

भोर आणि वेल्हें या तालुक्यांत (वेल्ह्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें २०२४ सालीं घेतला) पुष्कळ कुटुंबांची वडिलोपार्जित जमीन अद्याप सामाईक आहे. सातबाऱ्यावर नांव थोरल्यांचें, आणि शेताची देखरेख धाकट्यांची, अशी ही व्यवस्था. पुणें शहर जवळ असल्यामुळें, परगांवीं जाणाऱ्यांचीं कुत्रीं-मांजरें पैसे घेऊन शेतावर सांभाळावीं, असा विचार घरांतील एखाद्या तरुणाच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. धंदा निंद्य नाहीं. परंतु 'शेत आपलें, मग परवानगी कसली?' ही समजूत मात्र घातक होय.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्याच्या मतें 'विकास' म्हणजे केवळ बांधकाम नव्हे. जमिनीच्या वापरांत महत्त्वाचा बदल करणें हाही विकासच. 'शेती'च्या व्याख्येंत त्यानें कुक्कुटपालन, गुराढोरांची पैदास, मधमाश्या पाळणें आणि गुरें चारणें यांस स्थान दिलें आहे. मोबदला घेऊन ठेवलेल्या परक्यांच्या कुत्र्यांचा उल्लेख तींत नाहीं. आपल्या गाईचा गोठा आणि असा धंदा यांत कायद्याच्या दृष्टीनें अंतर आहे तें हेंच.

विनापरवाना विकास करणाऱ्यास कलम ५२ अन्वयें एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन ते पांच हजार रुपये दंड सांगितला आहे. अपराध चालूच राहिला तर दररोज दोनशे रुपयांपर्यंत अधिक दंड. दुसऱ्याच्या सांगण्यावरून काम करणाराही यांतून सुटत नाहीं. जमीन पूर्ववत् करण्याची कलम ५३ ची नोटीस तर मालकावर बजावली जाते. म्हणजे उद्योग पुतण्याचा आणि नोटीस वृद्ध काकांच्या नांवानें, असा प्रसंग एकत्र कुटुंबांत सहज ओढवेल. नोटिशीच्या मुदतींत वापर कायम ठेवण्याच्या परवानगीसाठीं अर्ज करतां येतो, एवढी वाट कायद्यानें मोकळी ठेविली आहे.

शेजाऱ्यांच्या आरोग्यास वा स्वास्थ्यास बाधक अशा धंद्याविरुद्ध, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ प्रमाणें, कार्यकारी दंडाधिकारीही हुकूम काढूं शकतात.

जनावराच्या धन्याशीं असलेली जबाबदारी याहून निराळी. मनुस्मृतींतील अठरा व्यवहारपदांत 'निक्षेप' आणि 'स्वामिपालविवाद' हीं दोन्ही आहेत. दिवसा गुराख्याची जबाबदारी, रात्रीं गुरें धन्याच्या घरीं असल्यास धन्याची. रात्रींही तीं गुराख्याकडेच राहिलीं तर भार त्याचाच, असा तेथील निर्णय. १८७२ च्या करार कायद्यानेंही ठेव स्वीकारणाऱ्यानें सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घ्यावी, असें सांगितलें आहे. सांभाळावयास दिलेली गाय व्याली तर वासरूंही धन्यास परत द्यावें, हें उदाहरण त्याच कायद्यांतलें.

तात्पर्य, कुंपणाचा पहिला खांब रोवण्यापूर्वींच आपलें गांव २०१५ सालीं स्थापन झालेल्या पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दींत येतें कीं नाहीं, याची तहसील कचेरींत चौकशी करावी. योग्य त्या कचेरीची आणि ग्रामपंचायतीची परवानगी लेखी घ्यावी. आणि सातबाऱ्यावरील सर्व हिस्सेदारांस एकत्र बसवून हें सारें वाचून दाखवावें. त्यांची संमतीही लेखीच असावी.