संशोधन-मार्गदर्शन
नवोदित संशोधकास संशोधनाची पद्धती, शास्त्रीय लेखनाची शिस्त व स्वतंत्रपणे काम करण्याची क्षमता प्राप्त व्हावी, म्हणून अनुभवी संशोधकाने हेतुपुरःसर केलेले साहाय्य. प्रबंधाचे पर्यवेक्षण हा त्याचा एक भाग होय. तथापि या दोन संज्ञा समानार्थी नाहीत. पर्यवेक्षणाचा संबंध प्रबंध नियमानुसार व मुदतीत पूर्ण होण्याशी असतो, तर मार्गदर्शनाचा संबंध प्रबंधानंतर त्या संशोधकाचे काय होते, याच्याशी असतो.

प्रयोगशाळेतील उमेदवारीला शिक्षणाचे पद्धतशीर रूप देण्यात जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग (१८०३–७३) यांचा वाटा मोठा आहे. ते १८२४ मध्ये गीसेन विद्यापीठात रुजू झाले. १८३१ मध्ये त्यांनी कार्बनी संयुगांतील कार्बनाचे प्रमाण ठरविण्यासाठी पाच फुग्यांचे एक साधे काचेचे उपकरण तयार केले. पूर्वी निष्णातांनाच साधणारे विश्लेषण त्यामुळे विद्यार्थ्यांनाही भरवशाने करता येऊ लागले आणि प्रत्येकास निराळा प्रश्न नेमून देणे शक्य झाले. लीबिग दररोज सकाळी प्रत्येकाकडून आदल्या दिवशीच्या कामाचा वृत्तांत व त्यावरील त्याचे स्वतःचे मत ऐकून घेत. संमती देत किंवा आक्षेप घेत. वाट मात्र ज्याची त्याने शोधावयाची असे. मार्गदर्शनाचे याहून नेमके वर्णन आजही क्वचितच आढळते.

लीबिग यांचे शिष्य आउगुस्ट हॉफमान (१८१८–९२) यांनी हीच पद्धती १८४५ पासून लंडनमध्ये रुजविली. त्यांचा अठरा वर्षांचा साहाय्यक विल्यम पर्किन याला १८५६ मध्ये क्विनीन बनविण्याच्या फसलेल्या प्रयत्नात पहिला व्यापारी महत्त्वाचा कृत्रिम जांभळा रंग सापडला व त्याने कारखाना काढण्याचे ठरविले. हॉफमान यांना हे रुचले नाही. विद्यापीठाबाहेरील व्यवसाय म्हणजे विद्येची हानी, ही गुरुजनांची समजूत त्यानंतरही दीर्घकाळ टिकली. वस्तुतः डॉक्टरेट मिळविणाऱ्या सर्वांना अध्यापकपदे मिळणे शक्य नसते.

मानव्यविद्यांतही अशीच परंपरा दिसते. विष्णु सीताराम सुखटणकर (१८८७–१९४३) यांनी बर्लिन येथे हाइन्रिख ल्यूडर्स यांच्या हाताखाली अध्ययन केले आणि १९२५ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची सूत्रे स्वीकारली. पाठनिश्चितीचे नियम त्यांनी स्पष्टपणे लिहून ठेवले होते. म्हणूनच त्यांच्या निधनानंतरही श्रीपाद कृष्ण बेलवलकर व परशुराम लक्ष्मण वैद्य यांच्या संपादकत्वाखाली ते कार्य १९६६ मध्ये तडीस गेले.

मार्गदर्शकाच्या अंगी लागणाऱ्या कौशल्यांत प्रश्न बेताचा निवडून देणे, नोंदवहीची सवय लावणे, मसुदा बारकाईने व वेळेवर वाचणे आणि निष्फळ ठरलेली दिशा केव्हा सोडावी हे सांगणे, ही प्रमुख होत. यांतील शेवटचे सर्वांत अवघड असते, कारण ती दिशा बहुधा मार्गदर्शकानेच सुचविलेली असते. विद्यार्थ्याची अन्य तज्ज्ञांशी ओळख करून देणे हेही त्याचेच काम.

एकाच व्यक्तीवर सर्वस्वी विसंबून राहण्यात धोका असतो. श्रेयाचा प्रश्न त्यातूनच उद्‌भवतो. १९६७ मध्ये केंब्रिज येथे जॉसलिन बेल या विद्यार्थिनीने रेडिओ दुर्बिणीच्या आलेखपट्टीवरील एका क्षुल्लक वाटणाऱ्या खुणेचा पाठपुरावा केला. पहिला पल्सार तारा सापडला तो त्यामुळे. १९७४ चे नोबेल पारितोषिक मात्र त्यांचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांना मार्टिन राइल यांच्यासमवेत मिळाले. आपणास त्याची खंत नसल्याचे बेल यांनी सांगितले, तरी वाद शमला नाही. २०१८ मध्ये मिळालेल्या एका पारितोषिकाची तीस लक्ष डॉलरची रक्कम त्यांनी भौतिकीत अल्पप्रतिनिधित्व असलेल्या गटांतील संशोधक-विद्यार्थ्यांसाठी दिली.

अशा अवलंबित्वावर नियमांनी मर्यादा घालण्याचे प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २००९ मध्ये डॉक्टरेटोत्तर संशोधकांसाठी निधी मागणाऱ्या प्रस्तावांत मार्गदर्शनाची लेखी योजना बंधनकारक केली. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार प्राध्यापकाने एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाने सहा व साहाय्यक प्राध्यापकाने चार विद्यार्थ्यांपर्यंतच मार्गदर्शन करावे, असे ठरले. तसेच विद्यार्थ्याने प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावयाची असते. समितीतील इतर सदस्य मार्गदर्शकाच्या भिडेने गप्प राहिल्यास ही तरतूद कागदावरच राहते.