दुसऱ्याच्या हातचं पाणी

बाप्तिस्मा स्वतःचा स्वतःला घेता येत नाही. पोपलाही नाही. मात्र जीव धोक्यात असेल तेव्हा तो देण्याचा अधिकार कॅथलिक चर्चने कुणालाही दिला आहे. बाळंतपणाच्या खोलीतली ख्रिस्ती नसलेली परिचारिकाही, चर्चला अभिप्रेत असलेलाच हेतू मनात धरून, अर्भकाच्या डोक्यावर पाणी ओतत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकते. तो पुरा धरला जातो, आयुष्यभर पुन्हा द्यावा लागत नाही.

१२०६ मध्ये मेट्झच्या बिशपांनी पोप तिसरे इनोसंट यांच्यापुढे एक पेच ठेवला. मरणाच्या दारात असलेल्या एका यहुदी माणसाने स्वतःच पाण्यात बुडी घेतली होती आणि बाप्तिस्म्याचे शब्दही स्वतःच उच्चारले होते. इनोसंट यांनी उत्तर दिलं की हा बाप्तिस्मा झालाच नाही, कारण देणारा आणि घेणारा वेगळे हवेत. आणि पुढे लिहिलं की तो माणूस त्याच क्षणी वारला असता तर थेट स्वर्गात गेला असता, कारण त्याची श्रद्धा खरी होती. आठशे वर्षांनंतरही हे उत्तर वाचताना मी थक्क होतो. तारण्यासाठी देव पाण्यापाशी अडून बसत नाही, हे त्यात मान्य आहे, आणि तरीही संस्कार दुसऱ्याच्याच हातून व्हायला हवा.

पाण्याने होतं काय? संत पौलाच्या लेखी पाण्याखाली जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणं आणि वर येणं म्हणजे त्याच्याबरोबर उठणं. कॅथलिक शिकवणुकीत या स्नानसंस्काराने मूळ पाप धुतलं जातं, नवा जन्म मिळतो आणि माणूस चर्चचा अवयव होतो. बाप्टिस्ट मंडळी म्हणतात, तारण श्रद्धेने होतं, पाणी ही त्याची जाहीर साक्ष. म्हणून ते तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ उभारला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. मला टिळकांचं ते मोठेपण वाटतं. पण ‘अवयव होणं’ म्हणजे काय, हे मला रायगडच्या किनाऱ्यावर जास्त उमगतं.

रेवदंड्याहून कुंडलिकेची खाडी ओलांडली की कोर्लई. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये चौलला किल्ला बांधायला घेतला, पुढे कोर्लईचा डोंगरही काबीज केला, आणि १७४० मध्ये हा सगळा मुलूख मराठ्यांच्या हाती देऊन ते निघून गेले. सैन्य गेलं, व्यापार गेला. पायथ्याशी राहिला तो बाप्तिस्मा घेतलेला समाज. या लोकांची लग्नं आपसातच होत राहिली. धर्म आणि जात या दोन्ही कुंपणांनी त्यांना शेजाऱ्यांपासून वेगळं ठेवलं. त्या कुंपणाआड घराघरांत एक बोली जिवंत राहिली: शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञांनी तिच्यावर १९९६ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. ती बोलणारे आज जेमतेम हजाराच्या आसपास आहेत.

कुंपणाचा भाग दुखरा आहे. जातीची भिंत पाण्याने विरघळली नाही, हे नाकारता येणार नाही. पण कुठल्याही राजसत्तेच्या आधाराशिवाय पावणेतीनशेहून अधिक वर्षं एक समाज टिकला, त्याला राजाचं फर्मान लागलं नाही. प्रत्येक पिढीतलं बाळ कुणीतरी हातात धरलं, धर्ममाता-धर्मपिता त्याच्या वतीने उभे राहिले, दुसऱ्या कुणीतरी पाणी ओतलं. तारणाचा हिशेब देवाकडे. माणसाला माणसाच्या हवाली करण्याचं काम मात्र या संस्काराने इथे चोख केलं आहे.

कोर्लईला बहुतेक जण किल्ला आणि दीपस्तंभ पाहून परततात. तुम्ही गेलात तर गावातल्या माउंट कार्मेल मातेच्या चर्चपाशीही थांबा, आणि थोरांशी दोन शब्द बोला. ही बोली त्यांच्या तोंडून ऐकण्याची संधी फार पिढ्या राहणार नाही.