मिटलेले झाकण आणि जागे यंत्र



वैशाखातील सायंकाळ आहे. राजारामपुरीतील एका माडीवर एक तरुण पुण्यातील कचेरीचे काम घरी बसून करीत आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर अशी घरे आपल्या गावात नवलाईची राहिलेली नाहीत. टेबलावर मोठा मॉनिटर, पुढे कीबोर्ड व माऊस, आणि लॅपटॉप मात्र झाकण मिटून कडेला ठेवलेला. व्यवस्था चांगली आहे. मान वाकत नाही, अक्षर मोठे दिसते, टेबलावर जागाही राहते. तरुण चहाला उठतो, पंधरा मिनिटांनी परत येतो, तो पडदा काळा! कळ दाबून पाहिली, माऊस हलवून पाहिला, यंत्र ढिम्म. अखेर झाकण उघडावे, तर उघडलेली कामे विस्कटलेली आणि चाललेले संभाषण तुटलेले. ‘मॉनिटर बिघडला’ असे म्हणून तो दुकानाची वाट धरतो. बहुधा काहीच बिघडलेले नसते. दोन काटकसरी यंत्रांनी एकमेकांविषयी चुकीचा तर्क केलेला असतो, इतकेच.

हा तर्क कसा होतो ते प्रथम पाहू. लॅपटॉपच्या झाकणात लोहचुंबकाचा एक लहान तुकडा असतो आणि खालच्या भागात त्याची चाहूल घेणारा संवेदक. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये चुंबकाचा विद्युतप्रवाहावर होणारा जो परिणाम दाखविला, त्यावरच असे बरेचसे संवेदक चालतात. झाकण मिटले की चुंबक जवळ येतो आणि यंत्राला वर्दी मिळते. यंत्र त्यावरून अनुमान काढते की, मालक उठून गेला, आता झोपावे. आपल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीला आले की ते आपोआप उघडतात. तेथे खूण आणि वस्तुस्थिती एकच असते. पाणी चढले म्हणजे चढलेच. झाकणाचे तसे नाही. झाकण मिटले म्हणजे काम संपले, हे कधी खरे असते, कधी नसते.

आता मॉनिटरकडे वळू. जुने काचेच्या नळीचे रंगीत मॉनिटर साठ-सत्तर वॅट वीज सहज खात, आणि कचेऱ्यांतून रात्रभर उगाच जळत. १९९२ मध्ये अमेरिकेत ‘एनर्जी स्टार’ ही वीजबचतीची योजना निघाली, आणि १९९३ मध्ये संगणकाने मॉनिटरला ‘आता विसावा घे’ असे सांगण्याची एक सर्वमान्य पद्धत ठरली. पुढे युरोपने २०१३ पासून, घरातील व कचेरीतील बहुतेक उपकरणांनी विसाव्यात अर्ध्या वॅटहून अधिक वीज घेऊ नये, असा दंडक घातला. ही सर्व सुधारणा स्तुत्यच होय.

परंतु त्यातूनच एक पेच निघाला. मॉनिटरच्या केबलमध्ये एक तार केवळ ‘मी येथे आहे’ हे सांगण्यासाठी असते. काही मॉनिटर गाढ झोपेत गेले की ही हाकही बंद करतात. लॅपटॉपला वाटते, मॉनिटर कोणी काढून नेला. स्वतःचे झाकण तर मिटलेले. म्हणजे दाखवायला एकही पडदा उरला नाही. मग तोही झोपतो. आपण कळ दाबावी, लॅपटॉपने जागे व्हावे, मॉनिटर जागा होण्यास चार-पाच क्षण लागावेत, आणि तेवढ्यात ‘पडदा नाही’ असे समजून लॅपटॉपने पुन्हा डोळे मिटावेत! दोघे एकमेकांच्या हाकेची वाट पाहत बसतात.

या त्रासाला कंटाळून पुष्कळ लोक झोपेचे सारेच नियम काढून टाकतात. मग यंत्र रात्रभर जागते. हिशेब सोपा आहे. मॉनिटर २० वॅट आणि लॅपटॉप १० वॅट धरला, तर बारा तासांत ३६० वॅट-तास, म्हणजे महिन्याला सुमारे ११ युनिट वीज जाते. दोघे नीट झोपले, तर त्याच वेळेला अर्धे युनिट पुरते. एका घरात हा आकडा लहान दिसेल. गल्लीगल्लीतून मोजला तर तो लहान राहत नाही.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. झाकण मिटूनही जागे राहण्यास शिकविलेला लॅपटॉप कोणी तसाच पिशवीत घालून एस.टी. गाठतो. आत हवा नाही, यंत्र चालूच. ते तापते, आणि त्या तापाने बॅटरीचे आयुष्य घटते. म्हणून पिशवीत घालण्यापूर्वी झाकण उघडून यंत्र स्वतःच्या हाताने बंद करावे, हा नियम आम्ही सर्वांत वर ठेवू.

बाकीचे उपाय थोडे आणि बिनखर्चाचे आहेत. विंडोजमध्ये झाकणाचा नियम दोन ठिकाणी ठरविता येतो: वीज जोडलेली असताना आणि बॅटरीवर असताना. वीज जोडलेली असताना ‘काही करू नये’, बॅटरीवर असताना ‘झोपावे’, असे ठेवावे. मॅकबुकला मात्र मिटून काम करण्यासाठी एरव्ही चार्जर जोडलेला लागतो. झोप वेळेवर सोपवावी. दहा मिनिटांनी पडदा आणि अर्ध्या तासाने यंत्र. मॉनिटरच्या यादीत ‘डीप स्लीप’ किंवा आपोआप बंद होण्याची सोय असेल, तर ती काढावी. साधा विसावा पुरेसा आहे. कीबोर्ड मॉनिटरच्या पाठीमागे न जोडता सरळ लॅपटॉपला जोडावा. कारण मॉनिटर झोपला की त्याच्या पाठीमागच्या खोबणीही कित्येकदा झोपतात, आणि मग जागे करणारा कोणीच उरत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. वळवाचा पाऊस आला, वीज कडाडली की दिवे जातात. मॉनिटरला बॅटरी नसते. तो तत्क्षणी मावळतो. लॅपटॉप अशा वेळी दोहोंपैकी एक करतो: तेथेच झोपून काम तोडतो, नाही तर मिटल्या झाकणाआड जागा राहून, कोणी पाहत नसता बॅटरी पीत बसतो. दिवे गेले की आधी झाकण उघडावे, काम जतन करावे. आम्हांला हा धडा एक संपूर्ण टिपण गमावून मिळाला आहे. ज्यांचे पोट याच कामावर आहे, त्यांनी मॉनिटर आणि इंटरनेटचे राऊटर यांपुरता एक लहान यू.पी.एस. घ्यावा.

शेवटी मुद्दा एवढाच. आपल्या जिल्ह्याने पाणी अडविण्याच्या दोन रीती जोपासल्या आहेत. राधानगरीचे दरवाजे आपोआप उघडतात. आणि पंचगंगेवरील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे पाऊस सरल्यावर माणसे हातांनी बसवितात, पावसाच्या तोंडावर हातांनीच काढतात. जेथे खूण खोटे बोलत नाही, तेथे काम यंत्रावर सोपवावे. जेथे खुणेचे दोन अर्थ निघतात, तेथे माणसाचा हात हवा. मिटलेले झाकण ही दुसऱ्या प्रकारची खूण आहे. काटकसर यंत्राने करावी, हे ठीकच. पण काम संपले की नाही, हे ठरविण्याचा अधिकार आपण आपल्याकडेच ठेवावा.